राक्षस बघून रेजिन हसली

पंधरा दिवसांपूर्वी ठाण्यात जादूच्या कंदिलाचा खेळ होता, दिव्याच्या उजेडात पडद्यावर चित्रं दाखवतात तो. पडद्यावर निळा राक्षस आला, त्यानं जबडा उघडला आणि सगळा मांडव किंचाळला... फक्त रेजिन हसली.

साधं नाही. तोंडात लुगड्याचा पदर कोंबून, खांदे हलेपर्यंत हसली. आणि हसता हसता बायकांच्या बाजूनं मान वळवून तिनं थेट माझ्याकडे बघितलं.

रेजिन आमच्या बाळकुमचीच, ठाण्यात मुलींच्या शाळेत शिकवते. माझा तिच्यावर जीव आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, एक तिचे बाबा सोडून. त्यांनी कोलशेतचा एक मिठागरवाला बघून ठेवला होता आणि नाताळच्या आत त्याला होकार कळवायचा होता... म्हणजे माझ्याकडे दिवस किती थोडे होते ते बघा.

आता राक्षसांचं. हे वेड मला लहानपणापासून. आमच्या चर्चमध्ये एका संताचं चित्र आहे, त्याच्या भाल्याखाली पंखवाला अजगर पडलाय. लोक संतापुढे मेणबत्ती लावायचे, मी अजगराचे दात मोजत बसायचो.

कॉलेजात गेलो तर लॅटिनच्या वहीत शिंगं, सुळे, शेपट्या. प्रोफेसरांनी एक दिवस ती वही वर्गभर फिरवली. मी ती हिसकावून घेतली, दार आपटलं आणि जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. माझे बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

त्यामुळे रेजिनचं हसणं मला फार लागलं. बाकी कोणी हसलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडलो असतो. हिच्याशी काय भांडणार... आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

शेवटी रविवारी मासची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तिला गाठलंच. म्हटलं, का हसलीस?

"मला काय विचारतोस? ज्यानं काढलाय त्याला विचार की," ती म्हणाली. "कल्याणला राहतात ते. आणि तिथे जाऊन भांडू नकोस रे."

मी सोमवारी सकाळच्या गाडीनं कल्याणला गेलो.

कंदिलाचा खेळ करणाऱ्या गृहस्थांना सगळे तात्या म्हणतात. खिडकीशी मांडी घालून बसलेले, हातात खारीच्या केसांचा कुंचला, पुढ्यात खेळातल्या चित्रांच्या काचा. तो निळा राक्षस बघायचाय म्हटल्यावर त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक चौकट काढून दिली.

मंडळी, ज्याच्यामुळे मांडव हादरला तो राक्षस माझ्या अंगठ्याएवढा होता... आणि जबड्याचं गुपित असं, की काचा दोन असतात. एकीवर अख्खं तोंड, दुसरीवर नुसता काळा रंग. दोरा ओढला की काळी काच सरकते, झाकलेले दात उघडे पडतात आणि पडद्यावर जबडा वासतो.

मी तो दोरा किती वेळा ओढला असेल! राक्षस आ करतो, मिटतो, परत आ करतो. रेजिन, कोलशेत, सगळं घटकाभर विसरलो.

मग विचारलं, तात्या, याला बघून कोणाला हसू येईल का? ते म्हणाले, "येईल. एखाद्याला येईल." कोणाला? तर म्हणे, "बघणाऱ्यावर आहे." असली गोल उत्तरं ऐकून माझं डोकं तापलं. मी उठून उभा राहिलो, आवाज चढला. म्हटलं, मी ठाण्याहून मुद्दाम आलोय, सरळ काय ते सांगा.

"हां, अस्साच थांब," तात्या म्हणाले आणि त्यांनी कुंचला उचलला. "मागच्या वेळी उजवा गाल नीट दिसला नव्हता."

मी थांबलो... खरं सांगायचं तर हाललोच नाही.

तात्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. काचेवरचा राक्षस मोठा झाला. निळा रंग, शिंगं, सुळे... आणि डावी भुवई मधोमध तुटलेली. लहानपणी चिंचेवरून पडलेलो तेव्हा माझी भुवई तुटली ती तिथेच.

तात्यांची पद्धतच तशी आहे. नवीन काच करायची तर तोंड ते प्रेक्षकांतून उचलतात. त्यांचा ऋषी म्हणजे एक पोस्टमास्तर, दशरथ म्हणजे एक वकील. "राक्षस काही मिळत नव्हता," ते म्हणाले. "खेळाला आलेली माणसं खुशीत असतात ना."

आणि गेल्या वर्षीच्या खेळात मी उभा राहून ओरडलो होतो, की हा कसला राक्षस, हा तर पिंजारलेला बोकड आहे, आणि याला इतक्या लवकर मारता कशाला. ते विसरूनही गेलेलो मी. तात्या विसरले नव्हते.

"पुसून टाकू का?" त्यांनी विचारलं. मी काच छातीशी धरली आणि नको म्हटलं.

परतताना गाडीत मला एकच विचार. त्या दिवशी मांडवात माझे बाबा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी राक्षसाला बघून माझा दंड धरला, पण ओळखलं नाही. मी स्वतः ओळखलं नाही. आणि रेजिननं पार बायकांच्या कोपऱ्यातून, शिंगं, सुळे, निळा रंग यांच्या आडून मला ओळखलं... त्यासाठी माणूस आधी किती वेळा बघून ठेवावा लागत असेल?

काल ती शाळेतून येताना वाटेत भेटली. मी नुसतं भुवईवर बोट ठेवलं. ती परत हसली.

"कोलशेतला नाही म्हणून सांगितलंय मी," ती म्हणाली. "आता तू ये माझ्या बाबांना भेटायला. पण त्यांच्यापुढे रागावू नकोस हं. त्या राक्षसाला ते अजून घाबरतात."

उद्या जातोय. सकाळपासून आरशासमोर शांत तोंड करून बघतोय, जमत नाहीये अजून... पण तात्या, तुमचे उपकार फार झाले. ज्या रागीट तोंडानं माझं कॉलेज घालवलं, तेच तुम्ही तिला दाखवलंत, आणि ती हसली.