सायकलच्या स्पोकची पिन

ती कुठल्याही कचेरीत शिरली की दारावरचा शिपाई हमखास विचारतो, "ताई, आमच्या घरचा सिलिंडर कधी येणार?"

"तुमचा पेटवायचा, माझा विझवायचा," ती म्हणते आणि थांबत नाही.

गॅसवाली ताई हे नाव तिला असंच चिकटलं. तिनंही ते झटकलं नाही. आग विझवायची यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत ती लागली होती टेलिफोनवर बसायला. सिलिंडर तपासणारा एक माणूस नोकरी सोडून गेला आणि दुसरा मिळेना, तेव्हा ती साहेबांकडे गेली. म्हणाली, मी करते. साहेबांनी विचारलं, "सिलिंडर उचलशील?"

"तो गेला तो तरी कुठे उचलायचा? ढकलायचाच की," ती म्हणाली. तेव्हापासून ती ढकलते आहे.

काही खोल्या अशा असतात की तिथल्या आगीवर पाणी मारता येत नाही. आत नाजूक यंत्रं असतात. आगीतून वाचलेलं पाण्यात जातं. तिथे तिचा गॅस लागतो. कागदोपत्री त्याला क्लीन एजंट म्हणतात, ती साफ गॅस म्हणते. तो हवेत मिसळतो आणि आगीतली उष्णता काढून घेतो. मागे ओल राहत नाही, पूड राहत नाही. छताला धूर ओळखणारी यंत्रं असतात. एकाला धूर लागला तर नुसती सूचना मिळते. दुसऱ्यालाही लागला तर बेल वाजते. मग अर्ध्या मिनिटाची मुभा, माणसांनी बाहेर पडायला. मग दार बंद आणि गॅस मोकळा.

खोलीला फट असली तर सगळं वाया. गॅस निघून जातो आणि आग पुन्हा डोकं वर काढते. म्हणून दारात मोठा पंखा बसवून ती खोलीत हवा भरते, हातात धुराची कांडी घेते आणि भिंतीभिंतीनं फिरते. धूर जिथे मुरडतो तिथे फट. ही सवय घरीही आली. खिडक्यांच्या कडा, दाराखालच्या जागा, सगळीकडे तिच्या रबरी पट्ट्या.

"आई, आपल्या घरात कुणी गॅस सोडणार आहे का?" मुलगी विचारते.

"तुझी आत्या येते ना, तिच्या कानापासून जपायला लागतं," असं सासूबाई सांगतात. स्वतःच्याच मुलीबद्दल.

पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर ती पहिल्यापासून जाते. तिथे पंपांचा मोठा हॉल आहे आणि त्याला लागून कंट्रोल रूम. अख्ख्या शहराचं पाणी तिथून सोडतात आणि अडवतात. शहराला पाणी पाजणारी खोली, आणि हिच्याच आगीवर पाणी चालत नाही. हा विनोद तिनं तिथे इतक्यांदा केला आहे की आता ती नुसती नळाकडे पाहते आणि लोक हसतात.

त्या खोलीत पाणीकाका बसतात. टाकीच्या पायऱ्यांवरून पडून त्यांचा खुबा मोडला, तेव्हापासून वॉकर घेऊन चालतात. त्यांची खुर्ची दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. मागच्या भिंतीपलीकडे पंप. पॅनलवरचा दिवा लागायच्या आधी काका सांगतात, तीन नंबर कण्हतोय. आणि तो खरोखर कण्हत असतो.

एका तपासणीत तिनं सिलिंडरवर टॉर्च मारला आणि ती थबकली. सिलिंडरच्या डोक्यावर एक खटका असतो. बेल झाली की तो आत बसतो आणि गॅस सुटतो. काम चालू असताना चुकून सुटू नये म्हणून खटक्याच्या भोकात पिन घालतात. जाताना ती पिन काढून तिच्या खिशात. यात तिची कधी चूक झालेली नाही, आणि ते ती कुणालाही सांगते.

आता भोकात पिन होती. पण तिची नव्हती. सायकलच्या स्पोकचा तुकडा होता. नीट कापलेला, टोक घासून गुळगुळीत केलेलं. यंत्र जुन्या बनावटीचं. अशा पिनेचा पत्ता पॅनलला लागत नाही. म्हणजे कितीतरी दिवस ती खोली उघड्यावर होती. आग लागली असती तर बेल वाजली असती आणि पुढे काहीच झालं नसतं.

तिनं स्पोक उपसला आणि काकांकडे पाहिलं. काका पॅनलकडे पाहत होते. फार मन लावून.

"काका, हे काय?"

"काय गं?"

"वेड पांघरू नका. शेडमध्ये पडून असलेल्या तुमच्या सायकलची एक तार कमी आहे, ते मी येताना पाहिलं."

काकांनी चष्मा काढला. "मग विचारतेस कशाला?"

"गॅसची भीती वाटते? तो विषारी नाही, किती वेळा सांगितलं."

"विषारी नाही, तर पळा कशाला म्हणतेस?"

"कारण तो वादळासारखा येतो. कागद उडतात, छताचे तुकडे निखळतात, धुकं होतं, समोरचं दिसत नाही. त्यात आगीचा स्वतःचा धूर. तुम्ही आत पडलात तर उचलायला कोण येईल?"

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. "मला खुर्चीतून उठण्यातच तुझ्या अर्ध्या मिनिटातलं निम्मं जातं. मग वॉकर. मग कपाटांमधून वाट. मग तो उंबरा. दाराशी पोचेपर्यंत तुझं वादळ माझ्या पाठीवर."

"गॅस थांबवायचं बटण आहे की. दाबून धरायचं."

"कुठे आहे?"

"दाराशी."

"दाराशी पोचलो तर बटण कशाला दाबू? बाहेरच नाही का जाणार?"

ती हसली नाही. इतकी वर्षं ती लोकांना ते बटण दाखवत आली होती. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मॅडमना सांगणार?" काकांनी विचारलं. मॅडम म्हणजे केंद्राच्या इंजिनिअर.

"पिन होती हे सांगावं लागेल. ते मी लपवणार नाही."

"सांग. मग मला गेटवर बसवतील. येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायला." त्यांनी मागे हात नेऊन भिंतीवर तळवा ठेवला. "तिथे काय ऐकू येतं? हॉर्न."

"पिन मी नेणार," ती म्हणाली. "आणि तुमची खुर्ची याच खोलीत राहणार."

"दोन्ही? कसं काय?"

"ते उद्या सांगते."

खरं म्हणजे तिलाही ते उद्याच कळणार होतं. पण एखादी गोष्ट जमणार नाही असा विचार तिला सहसा सुचत नाही. तिनं एक स्टूल ओढलं आणि बेल झालीच तर दाबून धरायला त्या बटणाशी जाऊन बसली. काकांची पाळी संपेपर्यंत उठली नाही. पुढच्या पाळीचा माणूस तरणाताठा होता. त्याची तिला काळजी नव्हती.

रात्री जेवताना तिनं घरी सांगितलं. नवरा ड्रायव्हिंग शिकवतो. प्रत्येक अडचणीवर सराव हाच त्याचा उपाय. तो म्हणाला, "त्यांच्याकडून रोज चालायचा सराव करून घ्या. वेग वाढेल."

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," सासूबाई म्हणाल्या. "मोडलेला खुबा तो. तुझी गाडी आहे का, गिअर बदलायला?"

"मग वेळ वाढवा ना," मुलगी म्हणाली. "अर्ध्याचं एक मिनिट करा."

"तेवढ्यात आग मोठी होते. ते माझ्या मनावर नाही."

सासूबाई पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "माझे गुडघे गेले तेव्हा बाथरूम बोळाच्या त्या टोकाला होतं. तुम्ही मला पळायला शिकवलंत का?"

"नाही."

"भिंत फोडलीत आणि माझ्या खोलीतून दार काढलंत. अगं, माणूस दाराजवळ येत नसेल तर दार माणसाजवळ न्यावं. यात एवढा विचार कसला?"

सून जेवता जेवता थांबली. तिच्या डोळ्यांसमोर काकांच्या खुर्चीशेजारचं कपाट आलं. मोडके पंखे आणि जुने फोन भरलेलं. दर वर्षी पंखा लावला की त्या कपाटामागून धूर मुरडायचा. दर वर्षी ती कपाटामागे हात घालून त्या फटीत लांबी भरायची. सरळ, उभी रेघ. मग वर एक आडवी.

"आई," ती म्हणाली, "तिथे दार आहे."

"मग जेव आता," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती आधी मॅडमकडे गेली. स्पोक टेबलावर ठेवला.

"हा सिलिंडरमध्ये होता. मी काढला."

मॅडमचा चेहरा उतरला. "कुणी घातला?"

"ज्याला बाहेर पडता येत नव्हतं त्यानं."

मॅडमना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी स्पोक तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "मी त्यांना गेटवर पाठवलं तर ते सुरक्षित राहतील."

"राहतील. पण खोली तशीच राहील. उद्या तिथे बसणाऱ्याचा पाय मुरगळला, किंवा पोटुशी बाई बसली, तर ती काय करेल? ती दुसरा स्पोक शोधेल. माणूस बदलून वाट रुंद होत नाही, मॅडम. चला, एक दाखवते."

कपाट सरकवायला चार माणसं लागली. मागे दार होतं. पंपांच्या हॉलमध्ये उघडणारं, रंगाखाली बुजलेलं. मॅडमनी ते हातानं ठोकून पाहिलं.

"हे उघडलं तर तुमचा गॅस निघून जाणार नाही?"

"फट राहिली तर जाईल. फट राहणार नाही."

"एवढी खात्री?"

"फटी शोधायचाच पगार घेते मी."

जुनं दार काढून आगीला टिकणारं नवं बसवलं. तोवर काकांच्या पाळीला जुन्या बटणाशी कुणीतरी बसून राहायचं. उंबरा तिनं काढायलाच लावला. त्याच्या जागी एक रबरी पट्टी आली, दार मिटलं की आपोआप खाली उतरणारी. वर आपोआप मिटवणारा दांडा. दाराशेजारी आणखी एक थांबवायचं बटण, काकांच्या हाताला येईल असं. मग तिनं पंखा लावला आणि कांडी घेऊन फिरली. धूर सरळ वर गेला. कुठेही मुरडला नाही.

पहिली रंगीत तालीम मात्र फसली. बेल वाजली. काका उठले, वॉकर पुढे टाकला, दार ओढलं आणि अडकले. दार आत उघडत होतं. दाराला जागा द्यायला काकांना वॉकरसकट मागे सरकावं लागलं, आणि मागे सरकणं हेच त्यांना सगळ्यात कठीण.

"मी आत्ता मेलो," काकांनी शांतपणे जाहीर केलं.

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"चूक माझी," ती म्हणाली. "फटीच बघत बसले. दार बाहेर उघडायला हवं. सुताराला बोलवा."

दुसऱ्या खेपेला काका उठले, वॉकरनंच दार ढकललं आणि बाहेर गेले. दार मिटलं. गॅस सुटायची वेळ अजून झाली नव्हती. पलीकडून त्यांचा आवाज आला, "गॅसवाले, झोपलीस का? मी केव्हाचा बाहेर!"

काका आत आले तेव्हा तिनं त्यांच्या हातावर स्पोक ठेवला. "हवा तर घ्या."

त्यांनी तो बोटांत फिरवला, टोकावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "तूच ठेव. चांगला घासलाय, टाकू नकोस."

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी मॅडमचा फोन आला. गॅस सुटला होता. खरोखरचा.

ती पोचली तेव्हा पंपांच्या हॉलमध्ये गर्दी होती. मागच्या दाराला पाठ लावून काका खुर्चीवर बसले होते, वॉकर आडवा धरून. समोर दोन तरुण कर्मचारी चुळबुळत होते.

"काका, थोडं उघडून बघू ना, विझली का."

"हात लावून दाखव! फट पडली की गॅस जाईल आणि विझलेली परत पेटेल. तुमच्या बापानं भरलाय का तो?"

"काका, मॅडम विचारताहेत."

"मॅडमना म्हणावं, त्यांनाही नाही."

मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले.

पंप चालूच होते. माणसं हॉलमधल्या पाण्याच्या चाव्या हातानं फिरवत होती. शहरात कुणाला काही कळलं नव्हतं. कुणाच्या तरी नळाची धार थोडी बारीक झाली असेल, एवढंच.

गर्दीतून ती पुढे आली. काकांनी तिला पाहिलं आणि वॉकर तसूभरही हलवला नाही.

"तुलाही नाही," ते म्हणाले. "बस तिथे. वेळ झाली की सांगतो."

ती मुकाट्यानं पायरीवर बसली. दाराखालच्या पट्टीवरून तिनं सवयीनं नजर फिरवली. पट्टी पुरती खाली उतरली होती.

पुरेसा वेळ गेला तेव्हा बंबवाल्यांना घेऊन ती आत गेली. एका पॅनलच्या तळाशी हाताएवढा काळा डाग होता. आत वितळलेली एक पेटी. बाकी खोली कोरडी. काकांच्या टेबलावरचा चहाचा कप उपडा झाला होता. तिथे तेवढीच काय ती ओल.

नवा सिलिंडर आला तेव्हा ती तो बसवायला गेली. काम सुरू करण्याआधी तिनं खिशातून पिन काढली आणि भोकात घातली. काका कोपऱ्यातून पाहत होते.

"माझी कुठाय?"

"सासूबाईंनी ढापली. नाडी ओवायला घेतात. म्हणतात, असं गुळगुळीत टोक बाजारात मिळत नाही."

काकांची छाती फुगली. "सांग त्यांना, सायकलला अजून पुष्कळ तारा आहेत." मग त्यांनी मान भिंतीकडे कलवली आणि बोट वर केलं. "गप्प. तीन नंबर कण्हतोय."

तिनं काम उरकलं, पिन काढली, खिशात घातली आणि आवाज न करता हत्यारांची पेटी मिटली.