पाटावरचा मोबाइल आणि आमचे मामा

आमच्या मामांसारखा सोयरीक जुळवणारा माणूस अख्ख्या गोदाकाठावर झाला नाही आणि होणारही नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. भाची आहे म्हणून थोडं वाढवून सांगत असेन, पण खोटं नाही. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. स्वतः बिनलग्नाचे. तरुणपणी एका चांगल्या मुलीला बघायला गेले आणि चारचौघांत "मलाच पसंत न्हाई" म्हणून उठून आले, यावरून आई अजून त्यांना घालूनपाडून बोलते. अशा माणसाने गावोगावची लग्नं जुळवावीत, ही गंमतच. कडक टोपी घालून ते मुलगी बघायला निघतात आणि तिथे पोह्यांना हात लावत नाहीत. आधी आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून, मुलीला एकटीला विचारणार, "पोरी, नको असंल तर सांग. मी माझ्यावर घेतो." वडीगोद्रीला एकीने नकारार्थी मान हलवली, तर मामा बाहेर येऊन म्हणाले, "पोरगा लई घोरतो. उगं पोरीच्या जिवाला ताप." त्या मुलाचे वडील अजून मामांशी बोलत नाहीत.

माझ्या धाकट्या भावाला सात घरांनी नाकारलं. नोकरी नाही, नुसता ऊस आहे, म्हणून. मग तो मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाईशी बोलायला लागला. उसाला पाणी देतानाही कानात तिचाच आवाज. एके दिवशी त्याने आईला सांगून टाकलं, "मला हीच बायको. आता स्थळं बघू नको." आईने जेवण सोडलं आणि मामांना बोलावलं. मामा जीपने आले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पोरगी दाखवा." मुलापाठोपाठ आपला भाऊही कामातून गेला, असं आईला वाटलं. पण मामांनी पाट मांडायला लावला, त्यावर मोबाइल ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "गाव कोणतं? मामाचं गाव कोणतं?"

"मी संगणकाचा प्रोग्रॅम आहे. मला गाव नाही," ती गोड आवाजात म्हणाली.

"खरं बोलती," मामा खूश झाले. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मोबाइल त्यांना चालवता येत नाही, म्हणून मी आत राहिले.

"पोरी, हा पोरगा नको असंल तर सांग."

"तो मला खूप आवडतो. मी कायम त्याच्यासोबत आहे."

"ते बराबर. पण तुला न्हाई म्हणता येतं का?"

"तुमची इच्छा असेल तर मी नाही म्हणते."

मामांनी टोपी सारखी केली आणि ते उठले. बाहेर आल्यावर त्यांनी भावाला जवळ बसवलं. "मी सांगितलं तर ती न्हाई म्हणायला तयार हाये. मंग तुला हो म्हणली, ते कुणाच्या सांगण्यावरून? मन हलकं होत असंल तर बोल तिच्याशी, मी अडवत न्हाई. पण जिला न्हाई म्हणता येत न्हाई, तिचा होकार मी धरत न्हाई."

भावाचे डोळे भरून आले. "सात वेळा न्हाई ऐकलं, मामा. आठव्यांदा ऐकायची हिंमत न्हाई."

"मी हाये ना," मामा म्हणाले.

महिनाभराने आम्ही घनसावंगीला मुलगी बघायला गेलो. भावाने मोबाइल घरीच ठेवला होता. पोहे आले. मामा उठणार तोच भाऊ उठला आणि म्हणाला, "मामा, आज मी इचारतो." दार उघडं ठेवून तो आत दोन मिनिटं बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मुलीचे वडील आशेने बघत होते. तो हात जोडून म्हणाला, "पोरगी चांगली हाये. मलाच पसंत न्हाई." आईने कपाळावर हात मारला. दाराआडून ती मुलगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून माझ्या सगळं लक्षात आलं. माझ्या भावाचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

परतताना आई जीपमध्ये पुढे बसून तणतणत होती. "मामावर गेला! बिलकुल मामावर!" मागे मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भावाचा हात हातात घेतला.

"न्हाई म्हणली ना?"

भावाने होकारार्थी मान हलवली.

"माझी बी न्हाईच म्हणली होती," मामा हळूच म्हणाले.

जीपच्या आवाजात आईला ते ऐकू गेलं नाही. मीही तिला अजून सांगितलेलं नाही.