कोक-बेल खिंडीतल्या दोघी जावा

अनारकान आणि बेगिमाय या सख्ख्या जावा. अंगण एक, गोठा एक, सासू एक आणि धंदाही एकच: उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरापार न्यायचं. बेगिमाय लग्न होऊन घरात आली तेव्हा थोरल्या अनारकानच्या टाचा कोक-बेलच्या खिंडीत झिजून गेल्या होत्या. धाकटीला वाटा तिनंच दाखवल्या. कुठला ओढा दुपारी फुगतो, कुठल्या कड्यावरून दगड सुटतात, सगळं हाताला धरून शिकवलं. आणि आता पाहुणे यायचे ते फाटकातूनच विचारायचे, "बेगिमाय कुठाय?"

हे झोंबायचं. मिठासारखं झोंबायचं.

अनारकानची सॅक म्हणजे गावाच्या थट्टेचा विषय. बाहेर जुलैचं रणरणतं ऊन असलं तरी तिच्या सॅकमध्ये माणशी एक जादा लोकरी बंडी, प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधलेले कोरडे मोजे, हातमोजे, ताडपत्री, दोरी, गॅसची शेगडी, साखर आणि वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या असायच्याच. पाहुण्यांच्या सॅकाही ती स्वतः उघडून बघायची. सुती कपडा दिसला की बाहेर. "हे भिजलं की अंगाला चिकटतं आणि सगळी ऊब पिऊन टाकतं," म्हणायची. पाहुणे तोंडं वाकडी करायचे. नवरा तेमिरकुल दारात उभा राहून हसायचा, "काय गं, कायमची माहेरी चाललीस का?"

पण तिच्या पाहुण्यांपैकी कधी कुणी गारठलं नाही, कुणाचं बोट काळं पडलं नाही. काही घडलंच नाही, तर सांगणार कोण आणि काय?

बेगिमायचं तसं नव्हतं. दोन उन्हाळ्यांमागं तिला खिंडीत बर्फानं गाठलं होतं. जवळ जादा कपडा नव्हता. तेव्हा एका म्हाताऱ्या पाहुणीला तिनं स्वतःच्या कोटात घेतलं, पोटाशी धरलं आणि गाणी म्हणत म्हणत खाली आणलं. त्या बाईनं परदेशात जाऊन फोटोसकट ते सगळं जगाला सांगितलं. तेव्हापासून सासू येणाऱ्याजाणाऱ्याला चहा ओतता ओतता तीच कहाणी ऐकवायची.

एकदा अनारकानला सासूपुढं राहवलं नाही. "अपा, कोरडे कपडे नेले असते तर पोटाशी धरायची वेळच आली नसती."

सासूनं किटली खाली ठेवली. "तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही."

बोलणं दोघींचंही खरं होतं.

त्या जुलैत दोघींच्या कोक-बेलच्या फेऱ्या एकाच दिवशी आल्या. अनारकानकडे चार अबोल परदेशी पाहुणे, बेगिमायकडे अल्माटीहून आलेली सहा जणांची हसरी-खिदळती टोळी. आदल्या संध्याकाळी अनारकान अंगणात सामान भरत बसली होती. फोनवर दुपारनंतरचे ढग दिसत होते, ते दोघींनीही पाहिले होते. बेगिमाय जवळ येऊन उकिडवी बसली. थोरल्या जावेला ती एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

"एजे, तुमच्याकडं दुसरी ताडपत्री आहे ना, मोठी? देता का उद्यापुरती? माझ्याकडं माणसं जास्त आहेत."

अनारकाननं वर न बघता सांगितलं, "ती फाटलीय."

"बरं," बेगिमाय म्हणाली आणि चूल पेटवायला गेली. अनारकाननं ती धडधाकट ताडपत्री घडी घालून आपल्याच सॅकच्या तळाशी सारली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

सकाळी उजाडताच ती चौघांना घेऊन निघाली. धाकटीचे पाहुणे तेव्हा बोर्सोकचे तळलेले गरम गोळे मुरंब्यात बुडवून खात होते, दोन तारांचा दोंब्रा वाजत होता. सूर्य वर आला तसं शिखराच्या डोक्यावर टोपीसारखं ढगाचं पांढरं कडं बसलं आणि वाऱ्यानं पाठीमागून यायचं सोडून समोरून यायला सुरुवात केली. अनारकाननं पाय उचलले. खिंडीच्या माथ्यावर पाहुण्यांनी कॅमेरे काढले, तेव्हा ती खेकसलीच, "फोटो खाली जाऊन काढा! चला!"

ती माणसं घुश्शातच उतरली. खिंडीखाली खडकांच्या कुशीत एक खोलगट जागा आहे. तिथं पोचताच पहिला कडकडाट झाला. तिनं सगळ्यांच्या काठ्या दूर टाकायला लावल्या, सॅकांवर पाय जुळवून, अंग चोरून बसायला लावलं. विजा पलीकडच्या दरीत सरकल्या तशी ताडपत्री ताणली. मग गारा आल्या. गारांमागून ओला बर्फ. उन्हानं भाजलेला डोंगर बघता बघता पांढराफटक पडला.

ताडपत्रीखाली शेगडी फुरफुरत होती. चौघांनी कोरड्या बंड्या चढवल्या होत्या, चहाचे पेले हातात धरले होते. एकानं फक्त विचारलं, "साखर आहे?"

अनारकान वर खिंडीकडे बघत होती. तिला आत कुठंतरी बरं वाटत होतं. आता कळेल, गाण्यानं मोजे सुकत नाहीत ते. आता अल्माटीचे लोक खाली येऊन सांगतील, बेगिमाय हसते छान, पण डोंगरात जायचं तर थोरलीबरोबर जा. तिनं मनातल्या मनात सासूचा चेहराही बघून घेतला.

पण खिंडीतून कुणी उतरेना. चहा निवला. दुसरं आधण ठेवलं. तरी कुणी नाही. मघाचं बरं वाटणं आता विरून गेलं. चार माणसं सोडून वर धावता येत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. तळहातांवर नखं रुतवून ती नुसती बघत राहिली. 'ये गं,' ती पुटपुटली, 'ये, बये, ये.'

आधी आवाज आला. बेसूर, फाटका, पण गाण्याचाच. मग धुक्यातून एकामागून एक पाच आकृत्या आणि सर्वांत शेवटी बेगिमाय, दौलेत नावाच्या आडदांड गड्याचा हात खांद्यावर घेऊन. तिचा कोट त्याच्या अंगावर होता. तिचे स्वतःचे ओठ जांभळे पडले होते.

अनारकान धावत चढली. दौलेतला तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं. खाली आणताच सॅकच्या तळातून दुसरी ताडपत्री ओढली आणि पहिलीला जोडून बांधली. बेगिमायनं ती पाहिली. कुठं फाटलीय ते शोधत नजर एकदा कडेनं फिरली आणि थोरलीवर येऊन थांबली.

"ओलं सगळं उतरवा," अनारकान ओरडली. "लाजायची वेळ नाही ही!" आपल्या पाहुण्यांच्या अंगावरच्या बंड्या तिनं मागून घेतल्या, त्यांना रेनकोटात गुंडाळलं, कोरडे मोजे वाटले. एकानं वोडकाची बाटली काढली, ती तिनं हिसकावून बर्फात खुपसली. "याच्यानं आत ऊब वाटेल आणि अंग आणखी गार पडेल. गोड चहा प्या." दौलेत इतका गारठला होता की त्याचे दात वाजायचेही थांबले होते, ते पुन्हा वाजू लागले तेव्हा तिच्या जिवात जीव आला. बेगिमायला तिनं शेवटी स्वतःची बंडी चढवली.

संध्याकाळी सगळे खाली पोचले, धडधाकट. आणि काय झालं? अल्माटीच्या माणसांनी बेगिमायला मिठ्या मारल्या. दौलेत तर रडला. "तू गात होतीस म्हणून मी चाललो," म्हणाला. अनारकानचे मोजे त्याच्याच पायात होते. ते तिनं त्याच्याकडून परत मागून घेतले, तेव्हा तो ओशाळून "हो हो" म्हणाला.

घरी सासूनं शोरप्याचं, मटणाच्या पातळ रश्श्याचं, मोठं पातेलं चढवलं होतं. धाकटीला जवळ ओढून तिनं कपाळाचा मुका घेतला. बेगिमाय म्हणाली, "अपा, माझं काय कौतुक करता? एजे नसत्या तर दौलेत आज आपल्या पायांनी खाली आला नसता. दोन-दोन ताडपत्र्या वाहून आणल्या होत्या त्यांनी." एवढंच. 'मी मागितली होती' हे तिनं गिळलं, आणि पुढंही कधी उगाळलं नाही.

सासू थोरलीकडे वळून प्रथमच म्हणाली, "बस पोरी, खा." तिच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा आला. अनारकानला तो चावता येईना. आजवर तिनं धाकटीच्या गाण्याचा, हसण्याचा, नावाचा हेवा केला होता. आता मोठ्या मनाचाही करावा लागणार होता, आणि हा सर्वांत कडू.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात दूध काढताना अनारकानच बोलली. "शिव्या दे की मला."

"देणार होते," बेगिमाय म्हणाली. "ती धड ताडपत्री पाहिली तेव्हाच पाठ करून ठेवल्या होत्या. एजे, तुम्हाला ठाऊक नसतील असल्या. पण तुम्ही कशा वर धावत आला होतात ते आठवलं आणि सगळ्या विसरले." मग गाईच्या पाठीआडून हसून म्हणाली, "फुकट सोडत नाही हं. सॅक कशी भरायची, ते आता नीट शिकवायचं. मी नाकं मुरडली तर कानफटात द्यायची."

अनारकाननं शिकवलं. काहीही हातचं न राखता शिकवलं, शिकवताना जळतही राहिली, कारण आता धाकटीकडे गाणंही असणार आणि कोरडे मोजेही.

ऑगस्टच्या अखेरीस बेगिमाय एक फेरी करून आली. वर बर्फ पडून गेला होता, पण पाहुणे तुकतुकीत चेहऱ्यांनी उतरले आणि बसमध्ये बसून निघून गेले. ती ओट्यावर येऊन बसली. सासू आतून फक्त "पोचलीस का?" म्हणाली.

"एजे," ती म्हणाली, "वर एवढं वादळ झालं, पण कुणी काही विचारलंच नाही."

अनारकान शेंगा सोलत होती. तिला हसू आवरेना. "काय विचारणार? सगळे कोरडे आले."

"रोज असंच वाटतं तुम्हाला?"

"रोज."

शेंगांची परात दोघींच्या मध्ये ओढून बेगिमायही सोलू लागली आणि थोड्या वेळानं सवयीनं गुणगुणायला लागली. अनारकानला ते गाणं पुन्हा थोडं झोंबलं. पण आज तिनं ते पुरतं ऐकलं.