कोपरवाडीची मुक्कामाची मोटार

किस्से मुद्दाम गोळा करायला जाल तर एक मिळायचा नाही. पण एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षं घंटीची दोरी ओढत राहा, ते आपसूक गाडीत चढतात आणि उतरायचं नाव घेत नाहीत. माझी कंडक्टरकी केव्हाच सुटली, तरी चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, कोपरवाडीच्या गाडीचं सांगा की." मग मी तरी कशाला भाव खाऊ?

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आमच्या कुलाबा जिल्ह्यात सरकारी मोटारी नव्यानं धावायला लागल्या होत्या. कोपरवाडी म्हणजे खाडीच्या टोकाचं गाव, पुढं नुसता समुद्र. आमची गाडी सकाळी तिथून निघायची, रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचला माणसं सोडायची, दिवसभर तालुक्याच्या फेऱ्या मारायची आणि संध्याकाळी परत कोपरवाडीला मुक्कामाला यायची. मी गाडीतल्या बाकावर झोपायचो. ड्रायव्हर हसनमियां मात्र घरी जायचे, कारण कोपरवाडी त्यांचंच गाव. घरात म्हातारी अम्मा एकटी, डोळ्यांनी अधू. मुक्काम होता म्हणून मायलेक रोज एका ताटाला बसायची. एवढ्यासाठी त्या माणसानं बढतीसुद्धा घेतली नव्हती.

*

खाडीच्या वळणावर हसनमियां भोंगा वाजवायचे. रबरी भोंगा, आवाज थेट म्हशीचा. तो ऐकला की अम्मा चुलीवर तवा ठेवायची. बघता बघता अख्खं गाव त्या भोंग्यावर भाकऱ्या भाजायला लागलं.

एकदा भोंग्याचा रबर फाटला. आम्ही मुकाट्यानं गावात शिरलो तर एकाही घरातून धूर नाही! बायका म्हणतात मोटार आलीच नाही, पुरुष म्हणतात मग आम्ही काय पोहत आलो? दुसऱ्या दिवशी गावचे पोलीसपाटील स्वतः डेपोत आले आणि मॅनेजरना म्हणाले, "सायेब, कायतरी करा. काल गावात कुणाला जेवायला मिळालं न्हाय."

मॅनेजर नवीन होते. ते बिचारे तांदूळ पाठवायच्या गोष्टी करायला लागले.

*

आमच्या गाडीत रोजचे एक पाहुणे होते. तात्या पाटील, मुंबईत ट्राम चालवून रिटायर झालेले. ट्रामला स्टिअरिंग नसतं, ती बापडी रुळावरून जाते. ड्रायव्हरनं फक्त पायाखालची घंटा पाय आपटून वाजवायची, म्हणजे माणसं बाजूला होतात. तात्या रिटायर झाले, पण त्यांचा पाय काही झाला नव्हता. ते हसनमियांच्या मागच्याच बाकावर बसायचे आणि समोर गाय दिसो की बकरी, फळीवर धाड धाड दोनदा पाय आपटायचे. वळण आलं की डोळे मिटून घ्यायचे.

मी एकदा विचारलं, तात्या, इतकी वर्षं मुंबईत गाडी हाकलीत आणि वळणाला घाबरता? तर म्हणाले, "रूळ न्हाय, काय न्हाय. हा हसन मनाला येल तिकडं नेतो. भरवसा कसा धरायचा?"

आता गाडीत नियम असा, की एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. गर्दीत माझा हात दोरीपर्यंत पोचला नाही, की हसनमियां तात्यांच्या दोन आपटण्यांवर गाडी सोडायला लागले. मला ते बिलकुल आवडायचं नाही. सरकारनं बिल्ला मला दिला होता का तात्यांच्या पायाला? पण हसनमियां नुसते हसायचे.

*

शिमग्याला मुंबईहून वामनराव यायचे. कुठल्याशा कचेरीत होते. गावची माणसं मोटारीवर तुटून पडतात हे बघून त्यांना भारी लाज वाटायची. एका वर्षी त्यांनी वडाखाली सगळ्यांना उभं करून रांग शिकवली. मुंबईत लोक कसे शिस्तीत चढतात, कुणी कुणाला ढकलत नाही, वगैरे वगैरे. स्वतः अर्थात पहिल्या नंबरला उभे राहिले.

गाडी आली. नेमका वडाखाली एक बैल बसलेला, म्हणून हसनमियांनी गाडी जरा पुढं नेऊन थांबवली. दार आलं बरोबर रांगेच्या शेपटापाशी! माणसं शेपटाकडून चढायला लागली, अगदी शिस्तीत, कुणी कुणाला ढकललं नाही. वामनराव सगळ्यांत शेवटी चढले आणि रेवसपर्यंत उभ्यानं गेले. रोज मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या जनी कोळणीनं ऐसपैस बसून त्यांना सांगितलं, मुंबईची पद्धत चांगली हाय हो, मला आवडली.

*

आणि मग ती बातमी आली. कोपरवाडीची संध्याकाळची गाडी रिकामी जाते, तेव्हा मुक्काम बंद करायचा आणि हसनमियांना घाटावर पाठवायचं, असं वर ठरत होतं. विभागाचे साहेब एकदा स्वतः गाडीत बसून बघणार आणि मग सही करणार.

अम्माला शहरात न्यावं तर ती तयार नाही. नवऱ्याची कबर सोडून कुठं जाणार नाही म्हणाली. त्या दिवशी हसनमियां वळणावर भोंगा वाजवायला विसरले. मला इतकं वाईट वाटलं, की मी तिकिटं फाडायचीसुद्धा विसरत होतो.

जनी कोळणीला मात्र रडत बसायला वेळ नव्हता. ती म्हणाली, "सायबाला मानसं बघायचीत ना? दावू की मानसं."

साहेब यायच्या दिवशी सकाळपासून कोपरवाडी तालुक्याला लोटली. काही गाडीनं गेली, काही किनाऱ्यानं चालत. काम कुणालाच नाही. दिवसभर बाजारात नुसती हिंडली, बायकांनी हौसेनं बांगड्या भरल्या आणि संध्याकाळी सगळी गाडीत घुसली. दाराच्या पायरीवर माणसं, टपावर माणसं. साहेब डोक्यावर हॅट घालून मागच्या बाकावर चेपून बसलेले.

त्यांना संशय आलाच. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, तालुक्याला कशासाठी गेला होतात? तो गडबडला आणि म्हणाला, कोर्टात. त्याच्या पुढच्यानं ऐकलं, तोही म्हणाला कोर्टात. मग काय, म्हातारी, पोरीबाळी, हातभर नव्या बांगड्या घातलेल्या बायका, सगळ्या कोर्टात! शेवटी साहेबांनी मला विचारलं, "कंडक्टर, सगळ्या गावानं मिळून खून केलाय की काय?"

मी घाम पुसला.

कोपरवाडीच्या अलीकडच्या थांब्यावर जनीनं माहेरची माणसं उभी करून ठेवली होती. साहेब म्हणाले, स्प्रिंगा किती दबल्यात ते बघतो, आणि खाली उतरले. ते वाकून चाकाकडं बघताहेत तोवर माहेरची मंडळी आत शिरली. मी मधोमध असा चेंगरलेला, की हात वर होईना. तेवढ्यात समोरून बकरी गेली आणि तात्यांचा पाय फळीवर आपटला. दोनदा.

हसनमियांनी गाडी सोडली.

मी ओरडत होतो, पण त्या कालव्यात माझं कोण ऐकतो? मागच्या काचेतून साहेबांची हॅट लहान लहान होत गेली. निरोप माणसामाणसातून पुढं पोचेपर्यंत वळणावर भोंगाही वाजला. हसनमियांना कळलं तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सगळं संपलं, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

गाडी परत न्यायची म्हणून आम्ही माणसं उतरवत होतो, तर खाडीकाठच्या खाजणातनं साहेबच चालत आले. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आमच्याकडं न बघता पहिल्या उजेडाच्या घरात शिरले आणि पाणी मागितलं. घर नेमकं अम्माचं. आम्ही सगळे दाराबाहेर उभे. चुलीवर तवा तापलेला.

अम्माला बिचारीला काय दिसतंय? तिनं पाणी दिलं, बसवलं, पुढ्यात गरम भाकरी आणि सुकटीचं कालवण ठेवलं आणि विचारलं, "मोटार चुकली काय रे पुता?"

साहेब घास चावत राहिले. मग म्हणाले, "चुकली नाही, आजी. जागा नव्हती."

अम्मा कळवळली. म्हणाली, हसनला सांगते, तुमच्या सायबाला कळव, की इथं लेकरांना चिखलातनं चालत यावं लागतं. साहेबांनी मान खाली घालून आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

त्यानंतर बरेच दिवस वरून काहीच कळेना. मग एका संध्याकाळी वळणावर हसनमियांचा भोंगा वाजला आणि त्याच्या मागून दुसरा वाजला. अख्खं गाव वडाखाली धावलं. पुढं आमची गाडी, मागं आणखी एक, कोरी करकरीत, आत चिटपाखरू नाही. साहेबांनी लिहिलं होतं, या रस्त्याला एक गाडी पुरत नाही.

हसनमियां डोळे पुसत होते. जनी कोळणीनं टोपली खाली ठेवली, दोन्ही गाड्यांकडं आळीपाळीनं बघितलं आणि मला विचारलं, "भाऊ, आता काय सगळ्यांनी रोज कोर्टात जायचं?"