बरं होण्याची भीती

"तुमच्या यजमानांना प्लुरिसी झालीय," तुरुंगातल्या डॉक्टरांनी सांगितलं. प्लुरिसी म्हणजे फुफ्फुसावरच्या पडद्याला सूज. यांच्या तर त्यात पाणीही साचलं होतं. भेटीला आणलं तेव्हा हे भिंत धरून उभे होते. श्वास अर्ध्यावर अडत होता.

बेचाळीसच्या धामधुमीत घाटातल्या तारायंत्राच्या तारा तोडल्या गेल्या. हे लोणावळ्याला रेल्वेत फिटर, म्हणून यांना संशयावरून उचललं. वकील म्हणाले, "बाई, जामीन मागायला आधी खटला हवा. यांना नुसतं स्थानबद्ध केलंय." कधीपर्यंत, ते त्यांनाही सांगता येईना.

आजार वाढला तेव्हा पॅरोल मिळाला, म्हणजे परत जायच्या अटीवर घरी. लोणावळ्याची हद्द ओलांडायची नाही. पोलीस रोज येऊन पाहून जाणार. बरे झाले की पुन्हा तुरुंग.

इथल्या डॉक्टरांनी बरगड्यांमधून जाड सुई घालून पाणी काढलं. त्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. पिवळसर पाणी बाटलीत उतरत होतं आणि यांनी माझं मनगट आवळून धरलं होतं.

पुढे ताप गेला. हे भाकरी मागून खाऊ लागले. गालावर मांस दिसलं की मला हायसं वाटायचं आणि लगेच मी दाराकडे पाहायची. डॉक्टरांना प्रकृतीचा अहवाल सरकारला पाठवावा लागे.

सासूबाई जवळच्या कुरवंडे गावाहून नाचणी घेऊन आल्या. मला चुलीपाशी ओढून म्हणाल्या, "डाक्टरला सांग, अजून लय दुखतंय. न्हाईतर नेत्याल गं त्याला."

डॉक्टर आले. स्टेथोस्कोप, म्हणजे कानाला लावायची नळी, पाठीवर ठेवून म्हणाले, "मोठा श्वास घ्या. दुखतं?"

"फार दुखतं," मीच बोलले.

"नाही दुखत, डॉक्टर," हे म्हणाले.

डॉक्टरांनी नळी काढून गळ्यात अडकवली. "मला तसं लिहावं लागेल."

"लिहा."

ते गेल्यावर मी रडून भांडले. हे म्हणाले, "मी खाटेवर कण्हायचं, तू दारात उभं राहून खोटं बोलायचं. किती दिवस? तिथं निदान बरा माणूस म्हणून राहीन."

सासूबाई जात्याकडे वळल्या. त्यांनी नाचणी दळायला घेतली.

डॉक्टरांनी खरं तेच लिहिलं. पण खाली जोडलं, की यांना ओल आलेल्या खोलीत ठेवू नये, रोज दूध द्यावं. यांना परत तुरुंगात नेलं, पण तिथे ते पाळलं गेलं. त्या दोन ओळींनी हे जगले, असं मी आजही मानते.

महायुद्ध संपता संपता यांना सोडलं. का धरलं होतं, ते कुणी सांगितलं नाही. खटला कधी उभा राहिलाच नाही.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर पथ्यपाणी सांभाळा, पाणी काढायला घाबरू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर आजारी माणसाला स्वतः बोलू द्या.