वहिनीच्या डोहाळजेवणाला मी ताप घेऊन गेले

आज अमरावतीत माझ्या पाच वर्षांच्या भाचीला जाड भिंगांचा चष्मा लागला. डॉक्टरांनी विचारलं, "दिवस पूर्ण भरले होते का?"

वहिनी म्हणाली, "नाही जी, आठव्यातच झाली. मले कोरोना झाला होता. कुठून आला, समजलंच नाही."

तिच्या डोहाळजेवणाला मी अकोल्याहून तापाची गोळी खाऊन गेले होते. ओटी मीच भरली. दोन दिवसांनी मला वास येईनासा झाला, पण तपासणी मी मुद्दाम केली नाही.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "ताई, लेकरू काचेच्या पेटीत होतं तेव्हा तुमीच आल्या. बाकी सारे घाबरले."

मला कोरोना होऊन गेला होता, म्हणून मी घाबरले नव्हते.

आता सांगू का? की सांगून मोकळी फक्त मीच होईन?