शून्य पर्स

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या ताई प्रत्येक वाक्याला ‘बरोबर ना?’ जोडतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत सुटतात. हाटकेश भागात त्यांचा दप्तरं आणि पर्स शिवायचा छोटा गाळा आहे. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून एका रविवारी त्या घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या.

‘सर, गाळ्याचं भाडं वाढवलंय. जास्तीत जास्त नफा कशात, ते काढून द्या. तुम्ही मुलांना हेच शिकवता, बरोबर ना?’

मी आलेख काढला. आडव्या अक्षावर दप्तरं, उभ्या अक्षावर पर्स. एक रेषा कटिंगच्या तासांची, दुसरी शिलाईच्या. रेषांच्या आतल्या भागाचा एकेक कोपरा तपासला. सगळ्यात जास्त नफा आडव्या अक्षावरच्या कोपऱ्यात निघाला. म्हणजे फक्त दप्तरं शिवायची, पर्स शून्य.

ताई त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. ‘पर्सवाल्या दोघी मावशी चौक गावाहून बसने येतात. दप्तराचं मशीन त्यांना जमत नाय. त्यांचं काय?’

‘त्या या गणितात नाहीत.’

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि अक्षाच्या जरा वर एक आडवी रेषा मारली. ‘एवढ्या पर्स तरी होणारच. आता काढा.’

नफा बराच उतरला. भाडं जेमतेम निघत होतं. ‘एक महिना मंदीचा गेला तर हेही निघणार नाही,’ मी सांगितलं.

तिथेच बसून त्यांनी फोन लावला. ‘मावशी, उद्या या हां. हो, काम हाय.’

पलीकडून फोन बंद झाला, तरी त्यांनी तो कानाला तसाच घट्ट धरला होता.